अदलाबदलीचा आठवडा

नील आला तेव्हा सिंगापूरवर धूर बसून होता. पलीकडे सुमात्रात रानं जळत होती आणि त्यांचा धूर समुद्र ओलांडून इथं ठाण मांडून राहिला होता. सेंगकांगमधल्या अकराव्या मजल्यावरच्या आपल्या फ्लॅटमधून मधुवंतीला समोरचा ब्लॉक खोडरबरानं अर्धवट पुसल्यासारखा दिसायचा. खिडक्या दिवसभर बंद, नऊ वर्षांच्या लेकीला, जाईला, मास्कशिवाय खाली जायची बंदी. अशात पाहुणा कशाला, असं तिचा नवरा श्रीनिवास म्हणालाही. पण थोरल्या बहिणीचा, नंदाताईचा, मेलबर्नहून फोन आला होता, आणि ताईला नाही म्हणणं मधुवंतीला जन्मात जमलं नव्हतं.

"थोडे दिवस ठेवून घे गं त्याला," ताई म्हणाली. "इथं राहिला तर डोकं फिरेल त्याचं. रोज पेपरात नाव, दारात कॅमेरेवाले. तुझ्याकडं त्याला कोण ओळखतंय?"

नील म्हणजे नंदाताई आणि प्रबोध कानिटकरांचा एकुलता एक. जन्म मेलबर्नचा, वय तेवीस, उंची अशी की दारातून येताना मान वाकवायची सवयच लागलेली. तो ऑस्ट्रेलियन फुटबॉल खेळायचा, तिकडं त्याला फुटी म्हणतात. लांबट चेंडू, भलंमोठं मैदान, चार क्वार्टरांची मॅच, अंगावर पॅड नाहीत की डोक्याला हेल्मेट नाही. एकदा श्रीनिवासनं कौतुकानं मॅच लावली होती आणि थोड्याच वेळात बंद केली होती. "ही मारामारीच आहे. गुण मोजतात म्हणून खेळ म्हणायचं," तो म्हणाला होता. तरी कानिटकरांचा मुलगा तिथल्या मोठ्या क्लबात खेळतो याचा अभिमान सगळ्या नातेवाइकांना होता. लग्नाकार्यात नंदाताईच्या फोनवर त्याचे व्हिडिओ फिरायचे. माणसांच्या खांद्यांवर चढून चेंडू झेलणारा नील.

सीझन संपला की ऑक्टोबरात तिकडं काही दिवस खेळाडूंची अदलाबदल चालते. कुणाला ठेवायचं, कुणाला सोडायचं, कुणाच्या बदल्यात कोण घ्यायचं. नीलचा करार संपला होता. त्याचा क्लब त्याला वर्षभर ठेवायला तयार होता, तेही नाक मुरडत. पर्थकडचा एक क्लब मात्र त्याला तीन वर्षांसाठी मागत होता आणि बदल्यात आपला एक खेळाडू द्यायला राजी होता. त्या खेळाडूच्या बायकोनं तर घर आवरायलाही घेतलं होतं म्हणे. आता फक्त पर्थवाल्यांच्या डॉक्टरनं नीलला तपासायचं बाकी होतं. पर्थ-सिंगापूर विमान काही तासांचं, शिवाय इथं वार्ताहर नाहीत. म्हणून ते लोक बुधवारी इथंच येऊन त्याला भेटणार होते.

"म्हणजे बाजारच की," श्रीनिवास म्हणाला. "गुरांचे दात बघतात तसे."

नील हसला. घरातही त्यानं काळा चष्मा काढला नव्हता. धुरानं डोळे चुरचुरतात, म्हणाला.

पहिले दोन दिवस मधुवंतीला काही वाटलं नाही. पोरगा थकलाय, झोपू दे. पण त्याच्या खोलीचे पडदे उघडेनात. कुकरची शिट्टी झाली की तो दोन्ही हातांनी कान दाबायचा. एकदा त्यानं जेवताना विचारलं, "मावशी, काका कुठल्या ऑफिसला जातात?" तिनं सांगितलं, एका बँकेच्या आयटीत. भात वाढून होईपर्यंत त्यानं तेच पुन्हा विचारलं, त्याच सुरात, त्याच आदबीनं. जाई खुदकन हसली. मधुवंतीनं पुन्हा सांगितलं आणि ताटाकडं बघत राहिली.

शुक्रवारी ती हार्बरफ्रंटहून, म्हणजे तिच्या शिपिंग कंपनीच्या ऑफिसातून, लवकर घरी आली. लिफ्ट नवव्या मजल्यावर थांबली आणि दार उघडल्यावर समोरच नील दिसला. तो मकचिकच्या दारात किल्ली घालून फिरवत होता. मकचिक म्हणजे एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या मलय बाई. सगळा ब्लॉक त्यांना याच नावानं हाक मारायचा. त्या आतून जाळीच्या दाराशी उभ्या होत्या आणि घाबरून काहीतरी बोलत होत्या.

"नील, आपलं घर अकराव्या मजल्यावर आहे रे."

त्यानं वळून पाहिलं. त्या पाहण्यात एक क्षण ओळखच नव्हती. मग चेहऱ्यावर हसू आलं. "सगळे मजले सेम दिसतात, मावशी."

खरंच सारखेच दिसतात. श्रीनिवास स्वतः दोनदा चुकला होता. मधुवंतीनं मकचिकची माफी मागितली, नीलला वर नेलं आणि चहा टाकला. चहात साखर दोनदा पडली. कशानं, ते तिनं स्वतःला विचारलं नाही.

शनिवारी जाईचा चित्रकलेचा क्लास होता, तिथल्या एलआरटीनं काही स्टेशनं पलीकडे. एलआरटी म्हणजे छोटी, एकाच डब्याची गाडी. तिला ड्रायव्हर नसतो. ती ब्लॉकांच्या मधून उंचावरून गोल फिरते आणि फिरून पुन्हा तिथंच येते. श्रीनिवास कामाला गेला होता. मधुवंतीच्या अंगात सकाळपासून कणकण होती. नील म्हणाला, मी आणतो तिला. मधुवंतीनं क्षणभर विचार केला आणि हो म्हटलं. पुढं कितीतरी दिवस तो एक क्षण ती स्वतःशी घोळवत राहिली.

क्लास सुटून बराच वेळ झाला तरी दोघं आले नाहीत. नील फोन उचलेना. क्लासमधल्या बाई म्हणाल्या, "उंच मुलगा ना? केव्हाच घेऊन गेला." मधुवंती मास्क लावून खाली धावली. ब्लॉकखालच्या मोकळ्या व्हॉइड डेकवर नव्हते, खेळायच्या जागेत नव्हते, दुकानात नव्हते. धुरामुळं रस्त्यावर माणसंही तुरळक होती, आणि होती त्यांचे चेहरे मास्कमागं. कुणाला विचारावं आणि काय विचारावं? माझ्या बहिणीच्या मुलाबरोबर माझी मुलगी गेलीय, असं? यात घाबरण्यासारखं काय, असंच कुणीही म्हटलं असतं. घराजवळच्या रंगुंग स्टेशनचे जिने ती कशी चढली ते तिला नंतर आठवेना.

प्लॅटफॉर्मवर ती उभी राहिली. एक गाडी आली. रिकामी. धुरातून दुसरी आली, तिचे दिवे आधी दिसले आणि मग काचेमागं जाईचा पिवळा फ्रॉक.

दार उघडलं. जाईनं तिला पाहिलं, पण ती उठली नाही. तिला उठताच येत नव्हतं. नीलनं तिचं मनगट धरून ठेवलं होतं. दुसऱ्या हातानं त्यानं खांब आवळला होता आणि त्याच्या पायाशी उलटी पडली होती. मधुवंती आत शिरली आणि पाठीमागं दार मिटलं. गाडी चालू लागली.

"आई," जाई हळूच म्हणाली, "वुई गो राउंड अँड राउंड. मी सांगितलं धिस वन अवर स्टेशन, तर दादा म्हणतो नॉट धिस वन. सगळ्यांना नॉट धिस वन म्हणतो."

"बरं, बरं. आता मी आलेय." मधुवंती नीलच्या शेजारी टेकली. त्याचा शर्ट घामानं भिजून अंगाला चिकटला होता. "नील, तिचा हात सोड बाळा."

त्यानं मान वळवली. मधुवंतीचा चेहरा बहिणीच्या वळणाचा, ते सगळेच म्हणत. "आई," तो तिला म्हणाला, "कितवा क्वार्टर चाललाय?"

डब्यात दुसरं कुणी नव्हतं, आणि हाक मारायला पुढं ड्रायव्हरही नव्हता. एवढा थोरला, बळकट मुलगा, त्याची बोटं तिच्या लेकीच्या मनगटात रुतलेली, आणि तो इथं नव्हताच. तो कुठल्यातरी मैदानावर होता.

"शेवटचा," ती म्हणाली. आवाज शक्य तितका साधा ठेवला. "संपली मॅच. आता घरी जायचं."

त्याची बोटं हळूहळू सैल झाली. पुढच्या स्टेशनवर तिनं दोघांना दोन हातांनी धरून उतरवलं. जाईच्या मनगटावर चार बोटांचे लाल वळ उठले होते. ती रडली नाही. ते बघून मधुवंतीला जास्त भीती वाटली.

संध्याकाळी तो उठला तेव्हा पुन्हा नेहमीचा नील होता. जाईचं मनगट बघून तो तिच्यासमोर जमिनीवरच बसला. "मी केलं हे?" त्यानं विचारलं. जाईनं आईकडं बघितलं.

श्रीनिवास घरी आला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि जाईला आतल्या खोलीत पाठवलं. मग नील सांगू लागला, अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत, खाली मान घालून. थंडीत एका मॅचमध्ये समोरच्याचा गुडघा डोक्याला लागला होता. थोडा वेळ सगळं पांढरं दिसलं. कुणाला कळलं नाही, तो उठून खेळला. पुढं सरावात परत लागलं. तेव्हापासून उजेड सहन होत नाही, आणि मधूनमधून असं होतं.

"क्लबचे डॉक्टर काय झोपले होते?" श्रीनिवासनं विचारलं.

"त्यांना माहीत नाही. मी सांगितलं नाही." नीलनं नखं कुरतडली. "डोक्याची टेस्ट असते, काका. सीझनच्या सुरुवातीला कॉम्प्युटरवर करून घेतात, मग मार लागला की परत. दोन्ही ताडून बघतात. सुरुवातीची मी मुद्दाम स्लो देतो. म्हणजे नंतर वाईट आली तरी सारखीच दिसते. सगळे करतात तसं. आणि डॉक्टर शब्द सांगतात ना लक्षात ठेवायला, ते तेच तेच असतात. मला पाठ आहेत."

तो हे अभिमानानं सांगत नव्हता, पण लाजतही नव्हता. पोरगं अभ्यासाची युक्ती सांगतं तसं सांगत होता.

"परत डोक्याला लागलं तर?" मधुवंतीनं विचारलं.

"नाही लागणार."

"आणि लागलं तर?"

"मावशी, प्लीज. बुधवारी फक्त एक तास. मग तीन वर्षं ते मला ठेवतील. आमचा क्लब मला ठेवतोय कारण कुणी घेत नाही म्हणून. हे लोक स्वतःहून मागतायत. मला कधीच कुणी असं मागितलं नव्हतं." मग तो अगदी हळू म्हणाला, "मला दुसरं काही येत नाही."

तो झोपायला गेल्यावर नवराबायकोत जुंपली, दबक्या आवाजात. श्रीनिवासचं म्हणणं सरळ होतं. उद्याच त्याला परत पाठव, जाई या घरात आहे. मधुवंती म्हणाली, एकटा विमानात बसवू त्याला? कुठं उतरेल तो? शेवटी तो म्हणाला, "मग नंदाताईंना सांग. त्यांचा मुलगा आहे. त्यांना कळलंच पाहिजे."

तिनं सकाळी फोन केला. शनिवारचं सगळं सांगितलं, गाडी, उलटी, जाईचा हात. पलीकडं ताई एकदाही "काय सांगतेस" म्हणाली नाही. आणि तेव्हा मधुवंतीला कळलं.

"ताई, तुला माहीत होतं?"

"थोडं थोडं." ताईचा आवाज बसला. "घरातही एकदा झालं होतं तसं. मधू, हा आठवडा जाऊ दे. एकदा सही झाली की मी स्वतः त्याला चांगल्या डॉक्टरकडं नेते. शप्पथ. पण आत्ता कुणाजवळ बोललीस ना, तर तो संपेल. तू त्याला ओळखत नाहीस. लहानपणापासून हेच एक आहे त्याच्याजवळ."

"म्हणून माझ्याकडं पाठवलास?"

"तिथं तू आहेस म्हणून पाठवला," ताई म्हणाली आणि रडू लागली.

फोन ठेवल्यावर मधुवंती स्वयंपाकघरात नुसतीच उभी राहिली. आजवर तिला वाटत होतं की घाबरलेली ती एकटीच आहे आणि मोठी माणसं काहीतरी करतील. पण मोठी माणसं तिच्याहून जास्त घाबरलेली होती.

बुधवारी तीच त्याला घेऊन गेली. नाहीतर कोण नेणार? भेट हार्बरफ्रंटच्या एका हॉटेलात होती आणि तो रस्ता तिच्या पायाखालचा. एमआरटीच्या मेट्रोत तो तिच्या पर्सचा पट्टा धरून उभा होता, जाई लहानपणी धरायची तसा. लोकांना काय वाटत असेल, हा विचार तिच्या मनात आला आणि तिचा तिलाच राग आला.

हॉटेलातल्या खोलीत दोघं जण होते. कॉलिन नावाचा पन्नाशीचा माणूस, क्लबात कुणाला घ्यायचं आणि कुणाला सोडायचं ते ठरवणारा, आणि डॉक्टर हेलन, आखूड केसांच्या, मोजकं बोलणाऱ्या. कॉलिननं नीलचा हात दोन्ही हातांत घेतला. "आम्ही तुला दोन वर्षं बघतोय," तो म्हणाला. नीलचा चेहरा असा उजळला की मधुवंतीला पाहवेना.

डॉक्टरांनी गुडघे बघितले, खांदे बघितले. एका पायावर उभं केलं. महिने उलटे म्हणायला लावले. मग काही शब्द सांगितले आणि त्यानं ते धडाधड परत म्हणून दाखवले, एकही न अडखळता. मधुवंती कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून ऐकत होती. तो सगळं बरोबर करत होता आणि प्रत्येक बरोबर उत्तराला ती पर्सची चेन उघडून मिटत होती.

शेवटी डॉक्टर तिच्याकडं वळल्या. "तुमच्याकडं राहतोय ना? घरी कसा असतो?"

नीलनं तिच्याकडं बघितलं. त्या नजरेत धमकी नव्हती, विनंतीही नव्हती. खाली पडताना माणूस जमिनीकडं बघतो तशी ती नजर होती.

"बरा असतो," मधुवंती म्हणाली. "झोपतो भरपूर."

कॉलिन हसला. "सीझननंतर सगळेच झोपतात." आणि त्यानं परत एकदा हात मिळवला.

लिफ्टमध्ये नीलनं कपाळ थंड पत्र्यावर टेकवलं. "थँक्स, मावशी." बऱ्याच दिवसांनी तो मनापासून हसत होता. "नोव्हेंबरात सराव सुरू होईल. आधी टॅकलिंग असतं, धरून पाडायचं. नव्या पोराला सगळे मुद्दाम जोरात घेतात, किती टिकतो ते बघायला. मी दाखवतो त्यांना."

लिफ्टचं दार उघडलं. लॉबीत पियानोचं बारीक संगीत चाललं होतं. मधुवंतीला पाऊल उचलवेना. जोरात घेतात. तिच्या डोळ्यांसमोर एकामागून एक धावत येणारी धिप्पाड माणसं आली आणि मध्ये हा, काळा चष्मा काढून, डोळे किलकिले करून उभा.

"नील, मी परत वर जातेय."

त्याला लगेच कळलं. "नको."

"तू पण चल. आपण दोघं सांगू."

"मावशी, नको ना. तू आत्ताच त्यांना बरा असतो म्हणालीस."

"खोटं बोलले मी."

"वर गेलीस तर मी तुझ्याशी आयुष्यात बोलणार नाही." त्याचा आवाज चिरकला. सामान घेऊन जाणारे दोन पाहुणे वळून बघू लागले.

तिनं त्याला सोफ्यावर बसवलं. "इथून हलू नकोस," म्हणाली. आणखी थोडं थांबली तर धीर जाईल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती लिफ्टमध्ये शिरली आणि दार मिटेपर्यंत त्यानं मान वर केली नाही.

वर कॉलिन कोट चढवत होता. मधुवंतीनं दारातूनच बोलायला सुरुवात केली. वर्षानुवर्षं ऑफिसात इंग्रजी बोलणारी ती, त्या वेळी तिला साधे शब्द सापडेनात. गाडी गोल फिरत होती, माझी मुलगी, तो मला आई म्हणाला, शब्द त्याला पाठ आहेत. सगळं उलटसुलट आलं. तरी डॉक्टरांना कळलं. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि मध्ये एकदाही तोडलं नाही. कॉलिन ऐकता ऐकता खिडकीकडं वळला. तिची वाक्यं संपायच्या आत त्यानं फोन कानाला लावला होता आणि तो कुणाला तरी दुसऱ्याच एका खेळाडूचं नाव सांगत होता. त्यात दुष्टपणा नव्हता. त्याच्याजवळ वेळ थोडा होता, एवढंच.

"तो आत्ता कुठं आहे?" डॉक्टर हेलननी विचारलं.

"खाली. लॉबीत."

"एकटा?"

त्यांनी ज्या सुरात विचारलं, तो ऐकून मधुवंती लिफ्टकडं धावली.

सोफा रिकामा होता. दारावरचा माणूस म्हणाला, उंच मुलगा बाहेर गेला, पाण्याच्या बाजूला. दोघी धावल्या. बाहेर धूर सकाळपेक्षा दाट झाला होता. सेंटोसा बेटाकडं जाणाऱ्या केबल कार तारेवरून निघत आणि थोड्या अंतरावर नाहीशा होत. फेरी टर्मिनलवर पलीकडच्या बाटाम बेटावर जाणाऱ्यांची रांग होती. मधुवंती त्या रांगेतून प्रत्येक उंच माणसाच्या तोंडाकडं बघत गेली. कुठल्यातरी बोटीत चढला असेल तर? आपण कोण हेच विसरला असेल तर? डॉक्टरांनी मास्क लावला नव्हता, त्या खोकत होत्या तरी मागं राहत नव्हत्या. "त्याचं नाव घेऊन हाक मारा," त्या म्हणाल्या. "तुमच्या भाषेत मारा."

"नील. नील, कुठं आहेस रे बाळा."

तो टर्मिनलच्या पलीकडं, कठड्याच्या बाहेरच्या बाजूला, खालच्या पायरीवर बसलेला सापडला. पाय पाण्यापासून वीतभर वर. चष्मा काढून ठेवला होता. मधुवंती कठडा ओलांडून उतरली आणि तिनं त्याचा शर्ट पाठीमागून मुठीत गच्च धरला.

"मला सगळं माहितेय," तो पाण्याकडं बघत म्हणाला. "तू कोण, मी कोण, हे हार्बरफ्रंट. आत्ता विसरलो असतो तर बरं झालं असतं."

डॉक्टर हेलनही उतरून त्याच्या दुसऱ्या बाजूला ओल्या पायरीवर बसल्या.

"कॉलिन?" शेवटी त्यानं विचारलं.

"तो फोनवर आहे," डॉक्टर म्हणाल्या. "मी इथं आहे. आधी मला सगळं सांग, पहिल्यापासून. मी आत्ता तुझ्या क्लबची नाही आणि पर्थवाल्यांचीही नाही."

मग तो रडला. मधुवंतीनं शर्ट सोडला नाही. मूठ इतकी आवळली होती की नंतर बोटं उघडायला दुसऱ्या हातानं धरावी लागली.

त्याच दिवशी हॉस्पिटलात त्याला दाखवलं. दोन दिवसांनी प्रबोध आले आणि त्याला घेऊन गेले. एरवी गप्पिष्ट माणूस, पण त्या खेपेला त्यांनी बॅग उचलली, जाईच्या डोक्यावर हात ठेवला आणि "येतो, मधुवंती" एवढंच म्हणाले. नीलनं बोलल्याप्रमाणं केलं. टॅक्सीत बसेपर्यंत तो तिच्याशी एक शब्द बोलला नाही.

अदलाबदल झाली नाही. पर्थवाल्यांनी दुसरा कुणी घेतला. बदल्यात जायचा तो खेळाडू जागीच राहिला आणि त्याच्या बायकोनं आवरलेलं सामान पुन्हा लावलं असेल. नीलच्या क्लबनंही वर्षभराचा करार मागं घेतला आणि पेपरात 'वैयक्तिक कारणांमुळं' असं छापून आलं. मेलबर्नच्या डॉक्टरांनी सांगितलं, खेळणं बंद, कायमचं. आणखी एक मार लागला असता तर काय झालं असतं, ते त्यांनी प्रबोधना सांगितलं आणि प्रबोधनी श्रीनिवासला. श्रीनिवासनं ते मधुवंतीला सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही.

नंदाताईनं फोन करणं थांबवलं. दिवाळीला नाही, जाईच्या वाढदिवसाला नाही. मधुवंती फोन करायची तेव्हा प्रबोध उचलायचे आणि ती झोपलीय म्हणायचे. धूर कधीच निघून गेला होता. मधुवंती रोज त्याच स्टेशनवरून ऑफिसला जायची आणि रोज तिच्या मनात तेच यायचं. आपण त्याला वाचवलं की मोडून टाकलं? काही दिवस तिला उत्तर सापडायचं आणि काही दिवस सापडायचं नाही. नको त्या वेळी फोन वाजला की तिचं काळीज अजूनही लक्कन हलायचं.

गुढीपाडव्याच्या सकाळी ती श्रीखंडाला चक्का फेटत होती तेव्हा फोन वाजला. ताई होती.

"मधू," ती म्हणाली आणि थांबली.

"काय झालं? नील बरा आहे ना?"

"बरा आहे. म्हणजे, काल तो दुकानात गेला होता आणि रस्ता विसरला. परत झालं तसं."

मधुवंती खुर्चीवर बसली.

"पण त्यानं फोन केला गं मला. स्वतःहून. म्हणाला, आई, मला कळत नाहीये मी कुठंय, घ्यायला ये. याआधी कधी सांगितलं नव्हतं त्यानं." ताईचा श्वास लागला होता. "मी गेले. एका बाकावर बसला होता, शहाण्यासारखा. गाडी चालवताना माझे हात थरथरत होते. अजून थरथरतायत. कुणाला सांगू कळेना."

"मला सांग," मधुवंती म्हणाली.

"घाबरले गं मी, मधू."

"मी पण, ताई."

मग कितीतरी वेळ दोघी फोन कानाला धरून बसून राहिल्या. पलीकडं कुठंतरी नील कुणाशी तरी बोलत होता. शब्द कळत नव्हते, पण आवाज त्याचा होता.